डोंबिवलीची पूर्ण नोकरी की गुहागरकडचं अर्धं काम?

दर गणपतीत एखादा तरी चाकरमानी म्हणतोच, "बस झालं, आता गावालाच राहतो." ज्यांनी हे खरंच मनावर घेतलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही केलंय. सध्या गावी आठवड्याचे तीन दिवस पैशाचं काम करतो, बाकी दिवस घरचं.

डोंबिवलीत रोजचे तीन तास लोकल खायची. ते इथे वाचतात. पण 'कमी काम' हा शब्द जपून वापरा. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, धांदल असते. रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे, सालं मिठाच्या आगळात, म्हणजे त्यांच्याच खारवलेल्या रसात, बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, आणि असं चार-पाच वेळा. त्यातच आठळ्या (फणसाच्या बिया), लाकडं, छपराची शाकारणी. माझे पगारी तास कमी झाले आणि बायकोचे बिनपगारी वाढले. पहिल्या वर्षी हे मला दिसलंच नाही. जूनमध्ये तिनेच सुनावलं. आता रातांबे मी फोडतो.

खर्चात भाडं गेलं, पेट्रोल आलं. एसटी दिवसातून दोनदा, ती चुकली की गाडी काढा. पार्सलवाला मात्र इथेही दारात येतो, तेव्हा हात आखडायचा तो आपणच.

खरा निर्णय घराचा. जुनं जांभ्या दगडाचं कौलारू घर दुरुस्त करायचं की पाडून स्लॅब टाकायचा? जांभ्याचा चिरा भट्टीत भाजावा लागत नाही, खाणीतून तासून निघतो (खाणींनी सड्यांची, म्हणजे इथल्या कातळी पठारांची, केलेली दशा हा वेगळा विषय). जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के धरतात. शिवाय स्लॅब तापतो, मग एसी येतो, आणि त्याचं बिल भरायला परत पूर्णवेळ नोकरी! कौलांचा त्रास वेगळा. दरवर्षी माणूस लागतो आणि तो वेळेवर मिळत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडची किती घरं उघडी पडली, ते आठवून बघा. तरी मी दुरुस्तीच्याच बाजूचा.

दवाखान्यात शहर सरळ जिंकतं. घरात हृदयरोगी असेल तर पुढचं वाचू नका.

डोक्यावर कर्ज असेल तर आधी ते फेडा, मग तास कमी करा. कर्ज नाही, घर आहे आणि घरातल्या बाईचा मनापासून होकार आहे, तर या. पण गणपतीतल्या हिरव्यागार गावावर भुलून नको. मे-जून सलग राहून बघा. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. मेअखेरीला आपल्या विहिरीत वाकून बघा, तळाचा कातळ दिसतोय का.