जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना: डॅशबोर्डवरच्या २२८ किलोमीटरवर विसंबू नका

जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या सौद्यात माणूस कुठे-कुठे फसतो, हे नागपुरातल्या या एकाच व्यवहारावरून कळेल. गाडी २०२१ ची नेक्सॉन ईव्ही, ३०.२ युनिटची बॅटरी, आतून-बाहेरून चकाचक. घेणारं बेसा भागातलं शिक्षक जोडपं, नोकरी वर्ध्याला, म्हणजे रोजचं जाणं-येणं दीडशे किलोमीटरच्या आसपास. किंमत साडेसात लाख. दुकानदाराने शंभर टक्के चार्ज करून डॅशबोर्ड दाखवला, त्यावर २२८ किलोमीटर. "भाऊ, फर्स्ट ओनर आहे, बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी आहे, डोळे मिटून घेऊन जा."

आठव्या दिवशी वर्ध्याहून परत येताना बुटीबोरीजवळ २२ टक्के चार्ज दिसत होता. पुढच्या दोन किलोमीटरांत तो ९ वर आला, गाडीने जोर सोडला आणि रस्त्याच्या कडेला बसली. सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर टाकल्यावर जुनी नोंद निघाली: सप्टेंबर २०२३, गाडीत पाणी शिरलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं, तेव्हा बुडालेली ही गाडी. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणून दावा नाकारला गेला. आरसीवर मालकाचा क्रमांक होता ३.

आता यातली एकेक गोष्ट आधी कशी पकडता आली असती, ते सांगतो.

डॅशबोर्डवरचे किलोमीटर म्हणजे बॅटरीचं माप नव्हे. गाडी अलीकडे कशी चालली, त्याच्या सरासरीवरून तो आकडा निघतो. एसी बंद ठेवून कॉलनीत तीसच्या वेगाने चार फेऱ्या मारल्या की मरतुकडी बॅटरीसुद्धा दोनशेच्या वर दाखवते. बॅटरी किती उरली हे कळायला तिच्यात वीज किती मावते ते मोजावं लागतं. त्यासाठी १५ अँपिअरच्या प्लगला लागणारा वीज मोजायचा छोटा मीटर मिळतो. चार्ज २० टक्क्यांवर आणा, मीटर शून्य करा आणि ८० टक्क्यांपर्यंत साध्या प्लगवर चार्ज करा. सहा-सात तास लागतात. ३०.२ चे ६० टक्के म्हणजे १८ युनिट, त्यावर चार्जिंगमधली १०-१२ टक्के घट धरली की मीटरवर २० च्या आसपास यायला हवेत. थोडी क्षमता राखीव असते, म्हणून १९ आले तरी ठीक. या गाडीत नंतर मोजले तेव्हा साडेपंधरा आले. म्हणजे बॅटरी साधारण पाऊण उरली होती. दुकानदार रात्रभर गाडी चार्जिंगला ठेवू देत नसेल, तर तो सौदा तिथेच सोडा.

पण पाऊण बॅटरीनेही गाडी बुटीबोरीला बसायला नको होती. ती बसली सेलच्या असमतोलामुळे. बॅटरीतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. जोडीतला एक बैल बसला की बंडी थांबते, तसं एक कमजोर सेल तळाला गेला की यंत्रणा सगळी बॅटरी बंद करते, बाकीच्यांत वीज शिल्लक असली तरी. या बॅटरीतले सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे असतात; त्यांचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज चुकत जातो आणि शेवटी आकडा धाडकन खाली येतो. म्हणून चाचणी ८० टक्क्यांवर घेऊन उपयोग नाही. गाडी ३०-३५ टक्क्यांवर असताना एसी लावून वर्धा रोडवर ८० च्या वेगाने चालवा आणि टक्के एकेक करून उतरतात की उड्या मारतात ते बघा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतले आकडे वाचणारं छोटं यंत्र) असेल तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलच्या व्होल्टेजमधला फरक वाचा. गाडी उभी असताना तो १०-२० मिलीव्होल्टच्या आसपास असावा. जोर दिल्यावर, ३०-४० टक्क्यांवरच, शंभरच्या पुढे जात असेल तर बॅटरीत दुखणं आहे.

पुरातली गाडी ओळखायला मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा. दुकानदार गालिचे बदलतो, सीट धुतो, पण बेल्टच्या गुंडाळीतला आतला भाग धुवायचा राहतो. या गाडीत तिथे पिवळट मातीची आडवी रेघ होती, बोटाने खरवडली की पूड पडायची. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीची जागा आणि बॉनेटखाली नारिंगी (उच्च दाबाच्या) केबलींच्या जोडांवरचा हिरवट-पांढरा थरही पाहा. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या तळाला ठोकर बसली आहे का, तेही.

वॉरंटीबद्दल तोंडी शब्द नको. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी भरेल ते, आणि मोजणी पहिल्या विक्रीच्या तारखेपासून. काही नव्या मॉडेलांवरची आजीवन वॉरंटी तर फक्त पहिल्या मालकाला असते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन पूर्ण नोंदवही काढायला लावा; दुकानदाराने निवडून दिलेली चार बिलं पुरेशी नाहीत. एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालकाचा क्रमांक आणि कर्जाचा बोजा दिसतो. बॅटरी भाड्याच्या योजनेतली गाडी असेल तर बॅटरीचा हिशेब पूर्ण मिटल्याचं पत्र घ्या.

किमतीतही एक चलाखी असते: "नवी असताना हिला इतके लाख पडले होते." तुलना आजच्या नव्या गाडीशी करा. सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १२.४९ लाखांवर आली, तेव्हाच जुन्यांचा भाव खाली सरकला. नोंदणीकृत दुकानदाराने जीएसटी पूर्ण किमतीवर लावला तर थांबवा. तो १८ टक्के फक्त त्याच्या नफ्यावर असतो. घरच्या मीटरवर महिन्याला दीड-दोनशे युनिट वाढले की महावितरणचा वरचा स्लॅब लागतो, तो खर्चही आधीच धरा.

पावतीवर "पाहून, तपासून घेतली, पुढे जबाबदारी नाही" अशी ओळ छापलेली असते. ती खोडायला लावा आणि हाताने लिहून घ्या: गाडी पुरात बुडालेली नाही, मालक क्रमांक अमुक, वॉरंटी अमुक तारखेपर्यंत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. या जोडप्याकडे ते होतं, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता आली. मुदत दोन वर्षांची, ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करता येते.