सी ड्राइव्ह लाल झालीय? नवी डिस्क घ्यायच्या आधी विझट्री (जागा कुठल्या फाइलने खाल्लीय ते दाखवणारा प्रोग्राम) लावून बघा

माझा लॅपटॉप सहा वर्षांचा, २५६ जीबीचा एसएसडी, आणि जूनच्या शेवटाला सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. १.८ जीबी शिल्लक. देवळातल्या भजनाचं दोन तासांचं रेकॉर्डिंग सेव्ह करायला गेलो तर डिस्क फुल, आणि ते रेकॉर्डिंग गेलं ते गेलंच. पखवाजवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन म्हापशाला एका दुकानात गेलो, तिथल्या पोराने स्क्रीनकडे बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "काका, डिस्क भरल्या, नवी घालची पडटली." चार हजार सांगितले. अरे पण भरलीय कशाने ते तर बघ! मी काही सिनेमे भरून ठेवत नाही, गेम खेळत नाही, मग २३७ जीबी खाल्ले कोणी? (२५६ घेतलं तर २३७च का, असं विचारणारे खूप असतात म्हणून सांगतो, यात फसवाफसवी नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, शिवाय रिकव्हरीसाठी थोडा तुकडा बाजूला काढलेला असतो.)

घरी येऊन पहिला मूर्खपणा केला, जाहिरात बघून एक क्लीनर टाकला. नाव लिहीत नाही. त्याने पाच मिनिटं चक्रं फिरवून बाराशे की काय "प्रॉब्लेम" शोधले, सगळे लाल अक्षरात, आणि दुरुस्त करायचे तर पैसे भरा. बहुतेक सगळे रजिस्ट्रीतले, म्हणजे विंडोज आपली सेटिंगं लिहून ठेवतं त्या वहीतले. आता ती आख्खी रजिस्ट्रीच जेमतेम काहीशे एमबींची असते, ती घासूनपुसून जागा किती मिळणार? काढून टाकला.

मग विझट्री. फुकट आहे, म्हणजे घरच्या वापरासाठी फुकट, हापिसात वापरायचं तर लायसन्स घ्यावं लागतं. इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्तीही मिळते, ज्याची डिस्क आधीच गच्च भरलीय त्याने तीच पेनड्राइव्हवर घ्यावी. स्कॅनचं बटण दाबलं आणि चहाचा कप उचलेपर्यंत यादी समोर. मला वाटलं काहीतरी बिघडलं. कारण पूर्वी मी विनडिरस्टॅट वापरायचो, तेही फुकट आणि चांगलंच आहे, पण माझ्याकडची जुनी आवृत्ती एकेक फोल्डर उघडत बसायची आणि तोवर ते छोटे छोटे पॅकमॅन तोंड उघडझाप करत इकडून तिकडे फिरायचे, दहा मिनिटं ती गंमत बघत राहायचं. विझट्री फोल्डर उघडतच नाही. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद असलेलं एक मास्टर टेबल असतं, ते थेट तेच वाचतं. भाटात जाऊन कुंपणं मोजत फिरण्यापेक्षा मामलेदार हापिसातून एक-चौदाचा उतारा (आमच्या गोव्याचा सातबारा) काढावा, तसं. म्हणूनच ते सुरू करताना ॲडमिनची परवानगी मागतं. एफएटी किंवा एक्सएफएटीवाल्या पेनड्राइव्हवर हे टेबल नसतं, तिथे त्याचा वेग बाकीच्यांसारखाच.

वर यादी, मोठ्यातला मोठा फोल्डर आधी, आणि खाली रंगीत चौकोनांचा नकाशा, जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीत कसं, भोपळा कुठे टांगलाय ते दारातूनच दिसतं, सुपाऱ्या शोधत बसावं लागत नाही. माझा भोपळा निघाला ५८ जीबीचा. ॲपडेटामध्ये आत आत कुठेतरी मोबाईलसिंक नावाचा फोल्डर, त्यात बॅकअप. माझा भाचा बोटीवर असतो, तो सुट्टीवर आला की स्वतःचा आयफोन माझ्या लॅपटॉपला लावायचा, "मामा जरा चार्जिंगला लावतो" म्हणून, आणि आयट्यून्स गुपचूप सगळा फोन सी ड्राइव्हवर ओतायचं. ॲपडेटा फोल्डर मुळात लपवलेला असतो, त्यामुळे साध्या डोळ्यांनी हे कधी सापडलंच नसतं.

लगेच उडवलं नाही. भाच्याला व्हॉट्सॲप टाकला, दोन दिवस एकच टिक, बोट कुठल्यातरी बंदराला लागल्यावर उत्तर आलं, "मामा तो फोन मी कधीच विकला, काढून टाक." मग आयट्यून्सच्या सेटिंगमध्ये डिव्हाइसेसमध्ये जाऊन तिथूनच बॅकअप डिलीट केला, तो असाच काढावा, आतल्या फायली हाताने उपसू नयेत.

दुसरं, डाउनलोड्समध्ये टेलिग्राम डेस्कटॉप नावाचा फोल्डर, १४ जीबी. ग्रुपवर येणारे नाटकांचे व्हिडिओ आणि पीडीएफ, त्यातलं ११ जीबी काढलं आणि पट्टी तशीच लाल! पुन्हा स्कॅन केलं तर तोच माल रिसायकल बिनमध्ये बसलेला. तो बिनसुद्धा त्याच ड्राइव्हवर असतो ना, रिकामा केल्याशिवाय एक एमबी सुटत नाही. पंचवीस वर्षं कॉम्प्युटर वापरतोय आणि अजून हे विसरतो.

आता तक्रारी. मोठी तक्रार ही की विझट्री दाखवतं सगळं पण यातलं काढायला काय हरकत नाही आणि कशाला हात लावायचा नाही हे सांगत नाही. विनएसएक्सएस हा विंडोजच्या स्वतःच्या फायलींचा फोल्डर भलामोठा दिसतो, नवख्या माणसाचा हात शिवशिवणारच, पण तो हाताने पुसलात तर विंडोजच आडवं होईल, त्याची सफाई विंडोजच्या डिस्क क्लीनअपमधल्या "सिस्टम फाइल्स" बटणाने करायची. विंडोज डॉट ओल्ड (अपग्रेडनंतर उरलेलं जुनं विंडोज) तर दहा दिवसांनी आपोआप जातो. हायबरफिल नावाची फाइल दिसते, हायबरनेट होताना, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होताना, चालू काम त्यात जपून ठेवलं जातं, माझ्या ८ जीबी रॅमवर ती ३ जीबीच्या वर आहे, नेटवर सगळे सांगतात हायबरनेट बंद करून ती उडवा. मी ठेवली. आमच्याकडे पावसात लाईट दिवसातून चार वेळा जाते, बॅटरी संपत आली की लॅपटॉप हायबरनेट होतो आणि काम वाचतं, ३ जीबीसाठी ते कोण घालवणार. शिवाय ते बंद केलं की फास्ट स्टार्टअपही जातं.

बाकी अक्षरं बारीक आहेत, पन्नाशीच्या माणसाने चष्मा पुसून बसावं. देणगीचं बटणही सारखं डोळ्यांपुढे असतं, पण फुकट देतायत तर तेवढं चालायचंच.

आणि विंडोजच्या स्टोरेज सेटिंगमध्ये टेम्पररी फाइल्स म्हणून जी यादी येते तीही बघा, मला तिथून ६ जीबी मिळाले. फक्त त्याच यादीत "डाउनलोड्स" पण असतं! सगळ्यांवर टिक करत सुटलात तर तुमचे लाईटबिल, आधार, सगळं टेम्पररी होऊन जाईल.

एकूण ७५ जीबीच्या आसपास मोकळे झाले, चार हजार वाचले, पट्टी निळी. पाचातले चार स्टार, एक कापला तो अक्षरांसाठी.

अजून ३८ जीबी सुटू शकतात. गेल्या जत्रेच्या नाटकाच्या प्रत्येकी १९ जीबीच्या तीन फायली आहेत, "फायनल", "फायनल नवीन" आणि "फायनल हीच", त्यातली एकच ठेवायची. नकाशात तीन सारखे चौकोन शेजारी शेजारी बसलेत. दुसऱ्या अंकात राजाच्या डोक्यावरचा मुकुट पडतो तो भाग कुठल्यात कापलाय ते बघायला तिन्ही लावून बसावं लागेल, आणि नाटक साडेतीन तासांचं आहे.