शार्लोट लेक की कास? पोराबाळांना घेऊन जायचं तर

प्रश्न दर सप्टेंबरला येतो. शनिवार-रविवार मोकळा आहे, बरोबर सहा-सात वर्षांचं एखादं पोर आणि गुडघे कुरकुरणारी आजी. जंगलातून थोडं चालायचंय, शेवटी पाणी दिसायला हवं आणि कुणालाही उचलून आणायची वेळ येऊ नये. पुण्या-मुंबईकडच्यांची गाडी मग दोन नावांवर अडते : माथेरानचं शार्लोट लेक आणि साताऱ्याचं कास पठार.

माझं मत आधीच सांगतो. पोर आठच्या आतलं असेल तर माथेरान.

कारण सावली. माथेरानची उंची जेमतेम 800 मीटर, पण जांभूळ, अंजनी, हिरडा यांची झाडी इतकी दाट की भर दुपारीही डोक्यावर ऊन येत नाही. बाजारपेठेतून निघायचं, तलावापाशी टेकायचं, शेजारच्या पिसारनाथाच्या देवळात जायचं (माथेरानचं हे ग्रामदैवत), मग एको पॉइंट, लुईझा पॉइंट करत वेगळ्या वाटेनं बाजारात परत. सगळा फेरा चार-पाच किलोमीटरचा, चढ नावापुरताच. मुख्य म्हणजे आलेल्याच वाटेनं परतायचं नसल्यामुळे पोरं ‘आता परत तेवढंच चालायचं?’ असं म्हणत नाहीत. गाड्या गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, त्यामुळे मागून हॉर्न नाही आणि पोराचा हात सतत धरून ठेवायची गरज नाही. फक्त पॉइंटवर मात्र धराच. कड्याची धार अचानक समोर येते.

तलाव म्हणजे खरं तर बांध घालून केलेला पाणीसाठा, गावाला प्यायचं पाणी इथलंच. त्यामुळे पाण्यात उतरायला बंदी. पोहायला मिळेल असं पोरांना आधी कबूल करून बसू नका. पावसाळ्यात बांधावरून पाणी सांडतं तेव्हा तिथे गर्दीही तितकीच सांडते.

दोन त्रास आहेत. पहिला लाल माती. कोरडी असेल तर मोज्यांच्या विणीत शिरते, ओली असेल तर पॅन्टच्या पायांवर गुडघ्यापर्यंत ठिपके उठतात. पांढरं काही घालू नका. दुसरा माकडं. बांधावर बसून आमच्या धाकट्यानं बिस्किटाचा पुडा उघडला. कागदाचा आवाज पुरता विरायच्या आत पुडा झाडावर होता. माकडानं वरून एकेक बिस्किट निवांत खाल्लं, आणि धाकटा रडायचं विसरून बघत बसला. खाऊ पिशवीत, पिशवी पोटाशी.

आजीसाठी सोय अशी की दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत छोटी रेल्वेगाडी धावते. दस्तुरीहून बाजारापर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची पायपीट वाचते. नेरळहून वर चढणारी 1907 सालची मूळ गाडी पावसाळ्यात बंद असते, तिच्या भरवशावर बेत आखू नका. घोडे मिळतात, पण घासाघीस आधी करा, बसल्यावर नाही.

आता कास. इथे झाडं नाहीत म्हणून तर फुलं आहेत. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, झाडाला मूळ धरायला जागा नाही. तिथे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. ही निळी-जांभळी सीतेची आसवं दिसायला गरीब, पण मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यात ओल्या मातीतले सूक्ष्म जीव अडकतात. दहा वर्षांच्या पोराला हे सांगा, मग ते अर्धा तास गुडघ्यांवर बसून हलत नाही. सहा वर्षांचं मात्र फूल तोडणार, आणि तिथे ते चालत नाही.

चालायचं तर पठारावरून जुन्या राजमार्गानं दोन-तीन किलोमीटरवरच्या कुमुदिनी तळ्याकडे. पाण्यावर पांढरी, कडांना झालर असलेली कुमुदिनी पसरलेली असते. सकाळी जा, दुपारनंतर फुलं मिटू लागतात. वाट सपाट आहे, पण उघडी. ऊन पडलं तर डोकं तापतं, पाऊस आला तर आडोसा नाही. आणि परतायचं त्याच वाटेनं. साताऱ्याला पाणी देणारा कास तलाव वेगळा, तो झाडीत आहे. गर्दीतून डोकं काढायचं असेल तर डबा तिथे सोडावा.

कासला हंगामात तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, रोजच्या माणसांना मर्यादा आहे. साताऱ्याहून रस्ता पंचवीसेक किलोमीटर, वळणावळणाचा. गाडी लागणारं पोर असेल तर पुढे बसवा. फुलांचे पाच-सहा आठवडे सोडले तर निव्वळ चालण्यासाठी पोरांना एवढ्या लांब मी नेणार नाही. माथेरानला पावसाळ्यानंतर कधीही जा. डिसेंबरातल्या एखाद्या मंगळवारी तर शार्लोटच्या बांधावर तुम्ही आणि माकडंच.

दोन्हीकडे पोरांचा जादा जोड घ्या. बुटांचा नव्हे, मोज्यांचा.