बोर्ड माझा बरोबर होता

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यांच्या मागांची कंट्रोल कार्डे दुरुस्त करणे हा माझा गेल्या २२ वर्षांचा धंदा आहे. ज्याच्या टेबलावर रोज पाच-पंचवीस आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपा, येतात, त्यालाच बनावट आयसी ओळखता आली नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. तरीही लिहितो आहे, कारण ज्या प्रकारे ही फसवणूक झाली तो प्रकार घरी पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, बनवणाऱ्या कोणाही माणसावर हमखास लागू पडतो.

माझ्या भाच्याच्या उजव्या हाताची दोन बोटे एका अपघातानंतर वळत नाहीत. बाजारातला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर त्याला धरता येतो, पण चालवता येत नाही. म्हणून एका सपाट लाकडी पेटीवर मोठी १२ बटणे आणि एक जॉयस्टिक, सगळे डाव्या हाताच्या टप्प्यात, अशी रचना आम्ही दोघांनी मिळून ठरवली. त्यासाठी एटीमेगा ३२यू४ ही आयसी निवडली, कारण यूएसबीची सोय तिच्या पोटातच असते आणि योग्य प्रोग्रॅम टाकला की संगणक तिला सरळ गेम कंट्रोलर म्हणून ओळखतो. शिवाय तिला वापरण्याजोग्या २६ पिना असल्यामुळे प्रत्येक बटणाला स्वतंत्र पिन देता येते आणि थोड्या पिनांत जास्त बटणे बसवायला डायोडची जाळी विणावी लागत नाही. पुठ्ठ्यावरचा नमुना पाहूनच ओळखीच्या पाच जणांनी आपल्या मुलांसाठी तशीच पेटी मागितली आणि प्रत्येकी १,००० रुपये आगाऊ दिले. एकदम दहा आयसी घेण्याचे कारण हेच.

एरवी असा माल आणायला मी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याच्या तपकीर गल्लीत जातो. त्या वेळी मात्र बटणे आणि जॉयस्टिक एका खरेदीच्या संकेतस्थळावरून मागवली होती. माल चोख होता. खोक्यात विक्रेत्याचे एक कार्ड होते आणि त्यावर लिहिले होते की थेट फोनवर ऑर्डर दिल्यास भाव कमी लागेल. जी आयसी मला इतरत्र ४८० रुपयांना पडत होती ती त्याने २९० रुपयांना देऊ केली. शिवाय प्रत्येक आयसी तपासलेली असल्याची खात्री पटावी म्हणून आपण तिच्यात एलईडी लुकलुकवणारा छोटा प्रोग्रॅम आधीच टाकून देतो, असेही सांगितले. पैसे मी यूपीआयने भरले. पक्के बिल मागितले, तेव्हा 'एस्टिमेट' असे छापलेल्या चिठ्ठीचा फोटो आला, ज्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. दुकानात अशी चिठ्ठी मी कधी घेतली नसती, फोनवर घेतली.

बोर्ड मी घरीच केला. किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये आराखडा काढून तो लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर उलटा छापला, इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवला आणि गच्चीवर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, नको असलेले तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये हलवत बसलो. त्या द्रावणाचा पिवळट-तपकिरी डाग शहाबादी फरशीवर अजून आहे आणि त्याबद्दल घरात अजून बोलले जाते. या आयसीला ४४ पाय असतात आणि पायापासून पायापर्यंतचे अंतर ०.८ मिलिमीटर असते, त्यामुळे दोन ट्रॅकमध्ये तांब्याचा केसाएवढा धागा जरी उरला तरी शॉर्ट होते. मी भिंगाखाली प्रत्येक फट पात्याने खरवडली, मल्टिमीटरने शेजारचे पाय एकमेकांशी तपासले आणि मगच आयसी सोल्डर केली. वीज देताच एलईडी लुकलुकू लागला. भाच्याने टाळी वाजवली. मीही मनातल्या मनात वाजवली.

त्यानंतर आमचा प्रोग्रॅम टाकायला घेतला. प्रोग्रॅम टाकणाऱ्या एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरने लगेच तक्रार केली की आयसीची सिग्नेचर, म्हणजे तिच्या आत नोंदलेला ओळख क्रमांक, जुळत नाही. मी विक्रेत्याला कळवले. त्याचे उत्तर पाच मिनिटांत आले: "सर, नवीन लॉट आहे, सिग्नेचर वेगळी दाखवतो. वजा एफ द्या आणि टाका." वजा एफ हा पर्याय सिग्नेचरच्या तपासणीकडे दुर्लक्ष करायला सांगतो. मी तो दिला, प्रोग्रॅम आत गेला, तपासणीत सगळे बाइट जुळल्याचा संदेश आला, आणि बोर्ड मात्र निपचित पडला. संगणकावर काहीही उमटले नाही.

इथून पुढचे १९ दिवस मी माझ्याच कामात खोट काढत राहिलो. आयसीला ठोके देणारा क्रिस्टल बदलला, त्याचे २२ पिकोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर बदलले, यूएसबीच्या दोन तारांवरचे २२ ओहमचे रेझिस्टर बदलले, केबल बदलली. मग ग्राउंडचा पट्टा जाड करून सगळा बोर्ड नव्याने बनवला आणि त्यावर दुसरी आयसी लावली. पुन्हा तेच. विक्रेता या काळात अतिशय गोड बोलत होता. घरगुती बोर्डात ट्रॅक तुटण्याची शक्यता जास्त असते, इस्त्रीने छाप नीट बसत नाही, सोल्डर करताना आयसी तापली असेल, असे तो एकेक सुचवायचा, आणि यातले प्रत्येक वाक्य एरवी खरे असते. कारखान्यातून छापून आलेला बोर्ड असता तर मी तिसऱ्या दिवशी आयसीवर संशय घेतला असता. बोर्ड हाताने केलेला होता, म्हणून संशय हातावर गेला. त्याला हे पक्के ठाऊक होते, असे माझे मत आहे. दरम्यान माल बदलून देण्याची त्याने सांगितलेली सात दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

उलगडा एका साध्या गोष्टीने झाला. एका रात्री तिसरी, न वापरलेली आयसी लावून मी आधी विक्रेत्याच्या प्रोग्रॅमने एलईडी लुकलुकताना पाहिला आणि मग त्याच पिनवर तोच एलईडी लुकलुकवणारा स्वतःचा दहा ओळींचा प्रोग्रॅम टाकला. त्याचा चालत होता, माझा चालला नाही. बोर्ड तोच, क्रिस्टल तोच, पिन तीच. तेव्हा कुठे मी दुर्लक्ष केलेली सिग्नेचर कागदावर उतरवून कंपनीच्या माहितीपत्रकाशी, म्हणजे डेटाशीटशी, ताडून पाहिली. ३२यू४ची सिग्नेचर १ई ९५ ८७ अशी असते. माझ्या आयसीची १ई ९४ ८८ होती, आणि ती एटीमेगा १६यू४ची आहे. दोघींचे पाय एकसारखेच असतात, पण हिची प्रोग्रॅमची जागा ३२ किलोबाइटऐवजी १६ आणि रॅम २,५६० बाइटऐवजी १,२८० बाइट असते. ३२यू४साठी बनवलेला प्रोग्रॅम परतीचे पत्ते, म्हणजे एक काम संपल्यावर कुठे परतायचे याची नोंद, रॅमच्या शेवटच्या टोकाला ठेवायला जातो. इथे त्या टोकाला रॅमच नव्हती, म्हणून तो पहिल्याच वळणावर हरवत होता. मी प्रोग्रॅम १६यू४साठी पुन्हा तयार केला, वजा एफ न देता टाकला, आणि रात्री पावणेएक वाजता संगणकावर गेम कंट्रोलरचे चित्र उमटले. पहिल्या बोर्डावरही हेच करून पाहिले, तोही चालला.

बाकीच्या सात आयसी सोल्डर न करता तपासायच्या होत्या. त्यासाठी मी क्रिस्टल आणि प्रोग्रॅम टाकणाऱ्या उपकरणाच्या सहा तारांपुरता एक छोटा बोर्ड केला, त्यावर आयसी नुसती ठेवली आणि वाळत घातलेल्या कपड्यांना लावायच्या लाकडी चिमट्याने वरून दाबली. चिमट्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की पाय सरकत नाहीत. लावलेल्या तीन धरून दहाचा हिशेब असा निघाला: सहा १६यू४, तीन पूर्ण मुक्या आणि एकच खरी ३२यू४. भिंगाखाली नऊ आयसींच्या पाठीवर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले, पहिल्या पायाची खूण सांगणारी गोल खळगी रंगाने अर्धवट भरलेली होती आणि पायांवर जुन्या सोल्डरचा थर होता. जुन्या बोर्डांवरून उतरवून, घासून, वर नवे नाव छापलेला तो माल असावा. असिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवल्यावर चार आयसींचा काळा रंग कापसाला लागला, पण पाच बनावट आयसींचा अजिबात निघाला नाही; तेव्हा कापूस पांढरा राहिला म्हणजे माल खरा, असे कोणी धरू नये.

मेहुण्यांचे म्हणणे पडले की १६यू४वर पेटी चालते ना, मग तक्रार कसली. पेटी चालते हे खरे आहे. मी पैसे मात्र दुसऱ्या वस्तूचे दिले होते.

आता मी आयसी हातात आल्या दिवशीच, सोल्डरिंग करण्याआधी, प्रत्येकीची सिग्नेचर वाचतो आणि विक्रेत्याने आत टाकून दिलेल्या प्रोग्रॅमला तपासणी मानत नाही. सिग्नेचर जुळत नसताना पुढे जा असे जो विक्रेता सांगतो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवून पैसे मागावेत. या आयसी बनवणारी ॲटमेल कंपनी २०१६ साली मायक्रोचिपने विकत घेतली. मायक्रोचिपच्या अधिकृत वितरकांकडून घेतलेली आयसी महाग पडते, पण ते पक्के बिल देतात. संकेतस्थळावरची ऑर्डर फोनवर वळवण्याचा आग्रह झाला तर वळवू नये, कारण संकेतस्थळाचे जे काही संरक्षण असते ते त्या क्षणी संपते. ऑनलाइन पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवावे. मी २१व्या दिवशी कळवले, तोवर ती रक्कम कुठल्या कुठे गेली होती. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कोणत्याही शहरातला असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे माझ्या बाबतीत सोलापुरातच, करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ, सिग्नेचरचे स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याचे सगळे संदेश मी आता एका ठिकाणी काढून ठेवले आहेत. पाकिटाचा व्हिडिओ निव्वळ भाच्याच्या हौसेमुळे झाला होता.

तक्रारीचा क्रमांक मिळाला आहे, पैसे मिळालेले नाहीत, आणि विक्रेत्याचा फोन लागत नाही. पाच जणांपैकी चौघांची आगाऊ रक्कम मी परत केली. पाचवे गृहस्थ म्हणाले, "पुण्याहून आयसी आल्यावर करा, आम्हाला घाई नाही."