'द बॅक-अप प्लॅन' : शेवट ठाऊक असूनही

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशाच एका दुपारी, नव्या वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर बसून आई, वहिनी आणि मी अशा तिघींनी 'द बॅक-अप प्लॅन' हा २०१० सालचा इंग्रजी चित्रपट पाहिला. वहिनीला सातवा महिना लागला होता आणि पुढच्याच आठवड्यात तिचे डोहाळजेवण होते, त्यामुळे चित्रपटाची निवड आम्ही तिच्यावरच सोडली होती.

न्यूयॉर्कमध्ये पाळीव प्राण्यांचे दुकान चालवणारी झोई (जेनिफर लोपेझ) मनाजोगता जोडीदार मिळण्याची वाट पाहून थकते आणि दात्याच्या वीर्याच्या मदतीने एकटीनेच आई व्हायचे ठरवते. उपचार करून घेऊन ती दवाखान्याबाहेर पडते, भर पावसात टॅक्सीत बसते आणि त्याच क्षणी दुसऱ्या दाराने स्टॅन (ॲलेक्स ओलॉफलिन) आत शिरतो. टॅक्सी कोणाची यावरून दोघांची जुंपते. आई तेवढ्यातच म्हणाली, "आता ह्याच्याशीच जमते पाहा हिचं." तिचा अंदाज अर्थातच खरा ठरला.

कथा आधीच कळते हा मी या चित्रपटाचा दोष मानत नाही. डोहाळजेवणात झाकून ठेवलेल्या दोन वाट्यांत पेढा आणि बर्फीच असते हे प्रत्येकीला ठाऊक असते, तरीही झाकण उचलताना सगळ्या जणी वाकून पाहतातच. प्रेमकथेचेही तसेच आहे. माणसे एकमेकांपर्यंत कशी पोचतात हे पाहण्यातच तिचा आनंद असतो. माझी तक्रार निराळी आहे. हाती आलेल्या विषयातला सर्वांत भरीव भाग हा चित्रपट घाईने ओलांडतो आणि ओकाऱ्या, हाताने भांड्यातून ओरपलेले जेवण, कुत्र्याने चावलेली चाचणीची पट्टी अशा हमखास हशाच्या जागांवर मात्र रेंगाळतो.

वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारानंतर निकाल कळायला साधारण दोन आठवडे लागतात. उपचाराआधीचे आणि हे वाट पाहण्याचे दिवस कसे जातात हे मी एका मैत्रिणीसोबत धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसून जवळून पाहिले आहे. सकाळी सोनोग्राफी, मग बीज किती वाढले त्याचे आकडे, मग इंजेक्शन, आणि त्यानंतर नुसते थांबणे. पोटात जरा दुखले तरी ते शुभ की अशुभ, याचा दिवसभर विचार. एका प्रयत्नात यश येण्याचे प्रमाण साधारणपणे दहा ते वीस टक्क्यांच्या आसपासच असते. झोईला मात्र पहिल्याच खेपेस दिवस जातात, तेही जुळ्यांचे. बीजवाढीच्या औषधांमुळे जुळ्यांची शक्यता वाढते, पण त्या औषधांचा शरीरावर आणि मनावर येणारा ताण चित्रपटात जाणवत नाही.

तरीही काही प्रसंग फार खरे उतरले आहेत. त्यातला माझ्या लक्षात राहिलेला प्रसंग उशीचा. गरोदरपणात कुशीवर झोपता यावे म्हणून झोईने घेतलेली लांबलचक उशी पलंगावर दोघांच्या मधोमध येते आणि स्टॅनला जागाच उरत नाही. हा प्रसंग पाहताना वहिनी हसली नाही. तिने पाठीमागचा तक्क्या ओढून गुडघ्यांमध्ये घेतला आणि "दादांना दाखवायला हवं हे," एवढेच म्हणाली. शरीर रोज बदलत असताना शेजारच्या माणसाला ते समजावून सांगण्याचा जो कंटाळा येतो, तो या एका उशीने कुठल्याही संवादापेक्षा नेमका दाखवला आहे.

दुसरा प्रसंग बाबागाडीच्या खरेदीचा. तिथे झोईच्या जुन्या ओळखीची एक बाई भेटते आणि ही मुले आपली नव्हेत, असे स्टॅन तिला सांगून टाकतो. तो खोटे बोलत नाही, पण झोईच्या जिव्हारी लागते ते त्याचे खरे बोलणेच. लहानपणी आई गेली, वडील सोडून गेले, आजीने वाढवले. तेव्हा माणूस कधीतरी निघून जातोच, ही तिची भीती जुनी आहे. दुसऱ्याच्या मुलांना आपले म्हणायला पुरुषाला किती वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यायला बाईच्या हाती असते ते नऊच महिने, या पेचावर एक अख्खा चित्रपट उभा राहिला असता. इथे तो दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो.

पाण्याच्या टबमधले बाळंतपण मात्र मला मुळीच आवडले नाही. एकल मातांच्या गटातल्या एका बाईची प्रसूती प्रेक्षकांनी किळसून हसावे अशाच बेताने चित्रित केली आहे. वहिनीने तेवढा भाग पुढे सरकवायला सांगितला. पहिलटकरणीच्या मनात आधीच धास्ती असते, तिला आणखी घाबरवून मिळवलेल्या हशाला मी विनोद म्हणणार नाही.

दिग्दर्शक ॲलन पौल दूरचित्रवाणी मालिकांच्या निर्मितीतून आलेले, आणि त्यांच्या सफाईमुळे चित्रपट कंटाळवाणा होत नाही. लोपेझला स्वतःला २००८ मध्ये जुळी मुले झाली होती. पोट सावरत उठण्या-बसण्याचा तिचा अभिनय कुठेही खोटा वाटत नाही. आजी आणि तिचा म्हातारा वाग्दत्त वर यांची जोडी तर नायक-नायिकेहून सुखावह आहे. त्या आजोबांच्या भूमिकेतल्या टॉम बॉस्ली यांचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधन झाले.

चित्रपट संपल्यावर आईने विचारले, "आपल्याकडे चालते का असं, लग्नाशिवाय?" चालते. २०२१ च्या कायद्याने २१ वर्षांवरील आणि ५० वर्षांखालील अविवाहित स्त्रीलाही हे उपचार घेता येतात. सरोगसीची वाट मात्र तिला बंद आहे. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आजी पाठीशी होती म्हणून निभलं त्या पोरीचं." घरात कोणी गरोदर असेल तर हा चित्रपट तिच्या शेजारी बसून जरूर पाहावा, टबचा प्रसंग तेवढा वगळावा. वहिनीची लांब उशी इतवारीतल्या गादीवाल्याकडे शिवायला टाकली आहे. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी मिळेल असे त्याने सांगितले आहे.