गट कुणाच्या नजरेतून पाहायचा?

समाजशास्त्राला गटाची रचना दिसते, मानसशास्त्राला त्यातला एकेक माणूस. समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेलने १९०८ मध्ये मांडलं, की दोघांच्या गटातला एक गेला तर गटच संपतो. तिसरा आला की मध्यस्थी, कंपूबाजी, फोडाफोडी सगळं सुरू. माणसं कोणतीही असोत! याला प्रयोगशाळाही लागली नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशने १९५० च्या दशकात प्रयोगच केला. रेषांची लांबी ओळखायची, आणि भोवतीचे, ॲशला आतून सामील असलेले लोक मुद्दाम चुकीचं उत्तर देणार. ज्यांना हे ठाऊक नव्हतं, त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश जण निदान एकदा तरी बहुमतामागे गेले. प्रयोग देखणाच. पण थोड्या वेळासाठी जमलेल्या अनोळखी माणसांना गट म्हणावं का? वर्षानुवर्षांचं टोळकं समजून घ्यायला मी तरी झिमेलकडेच जाईन.