नौपाड्यातील मिक्सर दुरुस्तीचे दुकान

ठाण्यात गोखले रस्त्यालगतच्या एका गल्लीत, जेमतेम दोन माणसे उभी राहू शकतील एवढे हे दुकान आहे. सुके खोबरे वाटताना आमचा मिक्सर अचानक बंद पडला आणि एका सेवा केंद्राने तो न उघडताच मोटर बदलावी लागेल असे सांगितले, तेव्हा काहीशा साशंक मनानेच मी येथे आले.

दुकानदारांनी मिक्सर उलटा केला, तळाचे लाल बटण दाबले आणि यंत्र सुरू करून दाखवले. "ताई, मोटर चांगली आहे. भार जास्त झाला की हे बटण वर येते आणि वीज तुटते, म्हणूनच मोटर जळत नाही," असे सांगून, सलग न वाटता मध्ये थोडे थांबावे, हेही त्यांनी समजावले. भांड्याखालचा कपलर, म्हणजे मोटरची गती पात्यांपर्यंत पोहोचवणारा जोडभाग, मात्र झिजला होता. तो बदलण्यापूर्वी त्यांनी किंमत सांगितली, काढलेला जुना भाग माझ्या हातात ठेवला आणि केवळ नव्या कपलरचे 60 रुपये घेतले. बटण दाबण्याचे पैसे कसले घ्यायचे, हे त्यांचे म्हणणे! (मी तर मोटरचेही द्यायला तयार होते.)

उणीव एवढीच की पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. शिवाय दुपारी एक ते चार दुकान बंद असते, तेव्हा संध्याकाळीच जावे.